पाचवी ओळ

रबाळ्याच्या गाळ्यांमागे, पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून
अकरा वर्षं उभी आहे ती.
पुढच्या डाव्या चाकावर घाणेरी चढलीय,
टपावर गंजानं असा काही नकाशा काढलाय
की आम्ही न गेलेली सगळी गावं त्यात असावीत.

मढवी मिस्त्री टॉर्च दातात धरून खाली सरकले,
बऱ्याच वेळानं बाहेर आले, हात पुसत, माझ्याकडे न बघता.
"चासी चांगली आहे," म्हणाले,
सांगून आलेल्या स्थळाबद्दल म्हणतात तसं,
घराणं चांगलं आहे.
मग बाकीचं.
तळ सडलाय. वायरिंग उंदरांनी संपवलंय.
पाण्याच्या टाकीत कुणीतरी संसार थाटला होता,
पिसं आहेत, अंड्यांची टरफलं आहेत.

साडेतीन लाख, वर निघेल ते वेगळं.
नाहीतर भंगार, किलोवर. क्रेन उद्याही येईल.
केणीशेठना दिवाळीआधी जागा मोकळी हवीय.
मी लाइट बिलाच्या पाठीवर बेरीज मांडली
आणि हातचा घ्यायला विसरले.

पूर्वी ही डोळे तपासायची गाडी होती,
कुठल्याशा ट्रस्टची, मोतीबिंदू हुडकत गावोगाव फिरायची.
मधुसूदननं लिलावात घेतली, मला न विचारता.
दोन बाकं, एक स्टोव्ह, भिंतीतून उघडणारं सनमायकाचं टेबल.
म्हणाला, हिचं नाव घर ठेवू.
घर आहे आपल्याला, मी म्हटलं, ऐरोलीला, हप्त्यांवर.

तीन सहली झाल्या.
दिवेआगर. गगनबावडा.
तिसरी शीळफाट्यापर्यंतच.
भांडण कशावरून, ते दोघांनाही आठवत नाही.
ट्रकांच्या रांगेत अडकून केलेला चहा आठवतो.
त्या दिवशी घरात आलं नव्हतं.
गाडीत होतं.

आता त्याचे दोन्ही गुडघे नवे आहेत.
क्लच दाबायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय.
त्या बिलावर सही करताना
एवढा खर्च करून माणूस किती किलोमीटर चालेल,
असं मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

ओल कुठवर गेलीय बघायला
मढवींनी मागच्या भिंतीचा प्लाय उचकटला
आणि आतून तो तक्ता निघाला, पिवळा, एका कोपऱ्यानं लटकलेला.
वर एकटा थोरला प.
खाली दोन अक्षरं, मग तीन,
मग बारीक होत गेलेली गर्दी.
त्या प्लायला टेकून मी गगनबावड्याला दोन रात्री झोपले होते.

कुणी सांगितलं नव्हतं,
तरी दाराशी जाऊन उभी राहिले, डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून.
चार ओळी धडाधड वाचल्या.
पाचवीत अडकले.
"घ," मी म्हटलं.
"ध आहे, ताई," मढवी म्हणाले, अगदी हळू,
परीक्षेत शेजारचा सांगतो तसं.

मग काय करायचं, त्यांनी विचारलं.
चारही चाकांत हवा भरा, मी म्हटलं.
ते हसले. रबर मेलंय, राहणार नाही.
सकाळपर्यंत किती जाते ते बघू.
एवढंच?
आज एवढंच. हवेचे किती?
हवेचे काय घ्यायचे, म्हणाले, आणि कॉम्प्रेसरचं बटण दाबलं.
ती इंचभर उठली. घाणेरीची एक फांदी मोडली.

रात्री जेवताना त्यानं साडेतीन लाखांचं ऐकून घेतलं,
उंदरांचं, पिसांचं, केणीशेठचं.
ताटातली मेथी एका बाजूला सारत म्हणाला,
"दार लागतं का तिचं अजून?"
"लागतं," मी म्हटलं, "पण आतूनच."

तो काही बोलला नाही.
झोपण्याआधी पलंगाच्या कडेला बसून
गुडघ्यांचा व्यायाम केला, रोज वीस वेळा करतो तो.
मी दिवा मालवायला थांबले होते, म्हणून मोजले.
सव्वीस.